पंखाखालची जागा

त्या राज्यात आपली अंडी शेवटपर्यंत कुणीच उबवत नसे. लावी, तित्तिर, बदक, जो तो घरी आठ दिवस ऊब देई आणि मग अंडं पाटीत घालून उबवणघरात पाठवून देई. तिथून पुढचं काम कोंबड्यांचं. पिल्लू चांगलं निघालं तर घराण्याचं नाव, नाही निघालं तर कोंबडी कामचुकार. असा तिथला न्याय होता.

उबवणघरात पूर्वी चौदा कोंबड्या होत्या. त्यातल्या दहा जणींना राज्याने माळावरचं गवत मोजायला नेलं. ते मोजून संपेना, कारण मोजेपर्यंत नवं उगवे. मागे चौघी राहिल्या. अंडी मात्र होती तेवढीच येत राहिली.

चौघींत एक उलटपिसी होती. तिची पिसं जन्मापासून उलटी वळलेली, आणि बोलणंही तसंच. गेल्या वर्षी तिच्या वाट्याला चाळीस अंडी आली. कोंबडीच्या अंगाखाली बारा मावतात. कुणावर अन्याय नको म्हणून उलटपिसीने काय केलं, तर घटकेघटकेला काठावरची अंडी चोचीने आत ओढली आणि आतली काठावर लोटली. प्रत्येकाला थोडी ऊब मिळाली. प्रत्येकाला थोडी थंडीही मिळाली. दिवस भरले, पण एकही फुटलं नाही. कारभारी कावळ्याने लिहिलं, ‘चाळीसही अंड्यांना ऊब देण्यात आली.’ आणि ते खोटं नव्हतं.

तेव्हापासून तिला बसवत नव्हतं. हंगाम तोंडावर आला तरी ती खुडूक होईना, अंड्यांवर बसायची ओढच अंगात येईना. बसली की उठे, उठली की फिरे, काडी उचले आणि तीच काडी परत टाके. यंदा ती बसली नाही तर तिला हाकलणार होते, आणि तिची चाळीस अंडी शेजारच्या कवडीच्या चाळिसांत पडणार होती. कवडी ठिपक्याठिपक्यांची, गरीब स्वभावाची.

“बस गं बाई एका जागी,” कवडी म्हणे. “तुला बघून माझंही अंग गार पडतंय.”

“बसून काय करू? पुन्हा तेच? अर्धी भाकरी चाळीस तोंडांत कोंबायची आणि सगळे जेवले म्हणायचं?”

पाहणीला मोरसाहेब आले. त्यांनी चौघींकडे पाहिलं, छप्पर पाहिलं नाही, पाट्या मोजल्या नाहीत, आणि निदान केलं की यांचा उत्साह कमी पडतोय.

मग हंगामाच्या पहिल्या दिवशी, अंडी यायच्या आधी, अंगणात उत्साहमेळा भरवला. चौघींच्या डोक्यावर एकेक रंगीत पीस खोचलं. समोरासमोर उभं करून “तू किती उबदार आहेस” असं एकमेकींना तीनदा म्हणायला लावलं.

“तू किती उबदार आहेस,” कवडी म्हणाली.

“चोच लावून बघ आधी,” उलटपिसी म्हणाली.

नंतर कोकिळेचं व्याख्यान झालं. विषय होता, ऊब देण्यातला आनंद. गळा असा की बाकीच्या दोघींचे डोळे पाणावले. “मन मोठं असलं,” कोकिळा म्हणाली, “की पंखाखाली आपोआप जागा होते.”

“बाई, तुम्ही स्वतः किती उबवलीत?” उलटपिसीने विचारलं.

कोकिळा गोड हसली. “प्रश्न आकड्याचा नाही, भावनेचा आहे.”

“शून्य हाही आकडाच असतो की.”

कारभारी कावळा उगाच दुसरीकडे बघू लागला. त्याच्या घरचाच विषय होता.

तेवढ्यात पाट्या आल्या. एकशे साठ अंडी, घरची ऊब अजून अंगात असलेली. कोकिळेचं दुसरीकडे व्याख्यान होतं, ती उडून गेली. मोरसाहेबांचा नाच मात्र बाकी होता. “अंडी येतच असतात,” ते म्हणाले, “असा क्षण रोज येत नाही.” त्यांनी अंगणाच्या मधोमध येऊन पिसारा उघडला. कवडीने सवयीने पंख फडफडवले, पण तिचं लक्ष पाट्यांकडे होतं. वारा गार होता.

उलटपिसी रांगेतून निघाली. आपल्या पाटीतली बारा अंडी तिने चोचीने बाजूला घेतली. मग पाटी ओढत मोरापर्यंत नेली आणि हळूच कलती केली. उरलेली अठ्ठावीस घरंगळत त्याच्या पायांभोवती येऊन थांबली.

“हे काय आहे?” मोराने विचारलं.

“ही तुमची, साहेब. माझं मन असेल मोठं, अंग एवढंच आहे. माळावरच्या दहा जणींना बोलवा. नाहीतर बसा.”

“अगं, काय बोलतेस,” कवडी कुजबुजली. पण बोलता बोलता तिची चोच आपल्या पाटीतून बारा निवडत होती. मग तिनेही पाटी कलती केली. मग तिसरीने. चौथीने आधी डोक्यावरचं पीस काढून ठेवलं, मग पाटी.

चौघी आत गेल्या. उलटपिसीने बारा अंडी पोटाखाली घेतली, पंख खाली टेकवले आणि काठ चाचपला. काठावर कुणी नव्हतं. ती उठली नाही.

बाहेर कावळा एकदा मोराकडे आणि एकदा माळाकडे बघत होता. मोर एकशे बारा अंड्यांच्या मधोमध पिसारा उघडून उभा होता. पिसारा उघडा ठेवून बसता येत नाही. वारा वाढला, पिसाऱ्यात भरला, तसा त्याचा तोल जाऊ लागला. सावरायला त्याने एक पाय उचलला आणि खाली पाहिलं.

पाय टेकायला जागा नव्हती. अंडी अजून कोमट होती.