राणीमाशीभोवतीचा वेढा

माणसांनी डोंगरांना नावं देण्याच्याही आधी एका हिरड्याच्या ढोलीत सातेरी मधमाशांचं पोळं होतं. त्याचा जुना भाग काळा पडला होता आणि त्यात अळ्या शिरल्या होत्या.

“कुजलेलं कुरतडून टाकू या,” तरुण माशांची पुढारी सरंगी म्हणाली. “पोळ्यावर प्रेम असेल तर घाण काढायला हवी.”

“पदर विरला म्हणून कुणी आईचा पदर फाडत नाही, पोरी,” म्हातारी पहारेकरीण ठकूबाई म्हणाली. “तुझं प्रेम मला गांधीलमाशीचं वाटतंय.”

“आणि तुमचं अळीचं, मावशी. नुसतं चिकटून बसलेलं.”

राणीमाशी पोरींच्या नादी लागेल, या भीतीनं ठकूबाईच्या माशा तिच्याभोवती दाटल्या. राणीला म्हाताऱ्या डांबताहेत असं वाटून सरंगीच्या माशा त्यांच्यावर दाटल्या.

राणीला भरवणारी धापू तेवढी बाहेर राहिली. “अहो, जरा सरका. तिला श्वास घेऊ द्या.”

“आधी सांग, तू कुणाकडची?” दोन्हीकडून एकच प्रश्न आला. धापू दचकून मागे सरकली.

सातेरी माशा गांधीलमाशीला अशाच मारतात. सगळ्या मिळून तिला वेढतात आणि अंग थरथरवून उबेनं भाजतात. आता रागानं सगळ्यांचीच अंगं थरथरत होती.

संध्याकाळी वेढा सुटला आणि राणी खाली पडली. तिच्या अंगावर एकही डंख नव्हता.

“आम्ही तर तिला जपत होतो,” ठकूबाई म्हणाली.

“आम्हीसुद्धा,” सरंगी म्हणाली.

मग तिला उचलून बाहेर न्यायचा मान कुणाचा, यावरून भांडण जुंपलं.