झिजलेला नाडा

एका गावात एक आई राहत होती. नाव सगुणा, आणि स्वभाव असा की शेजारचं मांजर शिंकलं तरी ती आपल्या लेकीचं कपाळ चाचपून बघे. बायका हसत. म्हणत, "सगुणाच्या बयोला वारासुद्धा गाळून लागतो गं!" शेवटी लाजून ती काळजीदेखील मनातल्या मनात करू लागली.

नागपंचमीला दौलतरावांनी आपल्या लिंबाला पोरींसाठी झोका बांधला. दोर होता विहिरीतून मोट ओढायचा जुना नाडा. बयोला बसवताना सगुणाच्या तळहाताला काही टोचलं. पाहते तो नाड्याच्या तीन पेडांपैकी एकच धड होता.

तिने बयोला उचलून खाली घेतलं. सांगावं का? पुन्हा सगळ्या हसतील. आणि आज पंचमी. आज काही चिरायचं नाही, कापायचं नाही. मग सांगून तरी काय उपयोग? अशी स्वतःची समजूत घालून ती घराकडे निघाली. चार पावलांवर थांबली, मागे वळली, पुन्हा चालू लागली. उंबरठ्यापाशी पोहोचली तोच किंकाळी ऐकू आली.

नाडा तुटून पारूची पोर मैना पडली होती. कोपर मोडलं होतं.

दुसऱ्या दिवशी पारावर पंच बसले. दौलतराव म्हणाले, "मी हौसेने झोका बांधला. कुणाला ओढून बसवलं नाही."

"आणि आईचं लक्ष कुठे होतं?" मागून कुणीतरी विचारलं. सगळ्या माना पारूकडे वळल्या. ती मैनेचा बांधलेला हात मांडीवर घेऊन खाली बघत राहिली.

"मग दोष आईचाच धरायचा?" पंच तात्यांनी विचारलं. कुणी नाही म्हणेना.

सगुणा उठू लागली तसा नवरा पुटपुटला, "गप बस. तुझं नाव कुणी घेतलंय का?"

"म्हणून तर मलाच घ्यावं लागतंय," ती म्हणाली. "तात्या, नाडा झिजलेला होता. मी पाहिला होता. माझी पोर उतरवली नि मुकाट घरी गेले. पंचमीला काही कापायचं नसतं ना..."

"कापायचं नसतं," तात्या म्हणाले. "बोलायचं नसतं, असं कुणी सांगितलं?"

तात्यांनी निवाडा दिला. "पारूचा दोष नाही. झोका दिसला की पोर बसणारच. दोर धड आहे का, हे बांधणाऱ्याने बघायचं. दौलतराव, हात बरा होईपर्यंत औषधपाणी तुमचं, आणि हाडवैद्याकडे ने-आण तुमच्या गाडीतून." मग ते सगुणाकडे वळले. "गप्प राहण्याला आमच्याकडे शिक्षा नाही, बाई. काम आहे. दरवर्षी पंचमीच्या आदल्या दिवशी गावातला एकूण एक दोर तू तपासायचा."

"म्हणजे गावात झोका उरायचा नाही!" दौलतराव म्हणाले.

पुढच्या वर्षी आदल्या दिवशी सगुणा कोयता घेऊन निघाली. "आली बाई दोर कापणारी!" बायका ओरडल्या. ती लाजली, पण थांबली नाही. लिंबाखाली एका झिजलेल्या नाड्याचं टोक मैनेने तिच्यासाठी ताणून धरलं. मैनेचा हात आता पुरता सरळ होत नव्हता.

सगुणाने त्या हाताकडे पाहिलं आणि कोयता चालवला.

तात्पर्य: धोका दिसला की जबाबदारी तिथूनच सुरू होते. आपलं लेकरू तेवढं बाजूला घेऊन ती संपत नाही. लोक हसले तरी हसू द्यावं, पण हाक मारावी.