डबा तापेपर्यंत

रेडिओ लावला की आधी तो तापायची वाट बघावी लागे, त्या काळातला एक व्हॉल्व्हचा डबा दिगंबरकाकांच्या रेकॉर्डिंगच्या खोलीत अजून नोकरीला होता. गाणाऱ्याचा आवाज माइकमधून त्याच्यात शिरायचा आणि ऊबदार होऊन पुढे जायचा.

नवा कॉम्प्युटर त्याला रोज टोचायचा. "आजोबा, तुम्हाला तापायलाच वीस मिनिटं! तुमची ऊब मी चुटकीसरशी देतो."

"दे की बाळा," डबा म्हणायचा.

एक दिवस काकांनी डब्यात जाणारी माइकची वायर काढली आणि ती थेट कॉम्प्युटरला जोडली. गायिका कुमुदताई सायकलवरून आल्या, त्या धापा टाकतच माइकपुढे उभ्या राहिल्या. चारदा गायल्या. चारही वेळा आवाज कोरडा आणि घाबरा. कॉम्प्युटरने होती नव्हती तेवढी ऊब ओतली, पण व्यर्थ.

"काका, तुम्ही दुसरी कुणी बघा," ताई रडवेल्या होऊन म्हणाल्या.

काकांनी डब्याचं बटण दाबलं. "तापू दे त्याला. तोवर चहा घेऊ."

चहा पिता पिता ताईंनी लेकीच्या शाळेतली फजिती सांगितली, पोट धरून हसल्या आणि नकळत गुणगुणू लागल्या. पाचव्यांदा त्या अशा गायल्या की काकांनी डोळेच मिटले.

"आजोबा, एवढी ऊब कशी दिलीत हो?" कॉम्प्युटरने हळूच विचारलं.

"मी कुठे दिली? काका माइकची वायर परत मला जोडायलाच विसरलेत. आवाज थेट तुझ्याकडेच आला," डबा म्हणाला. "मी नुसता तापत बसलो होतो."