जमिनीला पाय न टेकणारी सून

खरं तर ही गोष्ट सांगायला मला मनाई आहे. झोपताना खाण्याच्या गोष्टी नकोत, पोरं मग उठून डबे उघडतात, असं तुमची आई म्हणते. म्हणून हळू सांगते, बरं का.

एकदा काय झालं, समुद्राकाठच्या एका राज्यात गिरजाई नावाची राणी होती. तिचा मुलगा गलबत घेऊन चीन देशाला गेला आणि तिथून बायको करून घेऊन आला. तिचं नाव मेइलान. सून मोठी गुणाची. पण मुलगा पुन्हा सफरीवर गेला आणि सुनेचं जेवण सुटलं. आमटी वाढा, भाकरी वाढा, ती आपली हात जोडून म्हणायची, नको. तेवढा एकच शब्द तिला आपल्या भाषेतला येत होता.

मग ती हलकी होत चालली. आधी चालताना टाचा उचलल्या. मग अख्खे पाय. आणि एके दिवशी वाऱ्याची झुळूक आली, तशी ती उडून स्वयंपाकघराच्या आढ्यालाच टेकली. राणीनं तिला खाली ओढलं आणि तिचा पदर खांबाला बांधला, तशी ती पतंगासारखी वर तरंगत राहिली. राणीनं गाठ पुन्हा आवळली. कुणाची तरी लेक आपल्या भरवशावर एवढ्या लांब आली, आणि उद्या गाठ सुटली तर ही ढगात जायची.

मग राणीला आठवलं. मुलगा सांगायचा, हिची आई डुकराच्या मांसाचे गोळे करते. मोसंबीएवढा एकेक, कोबीच्या पानांत मंद शिजवलेला. तिकडं त्याला सिंहाचं डोकं म्हणतात. पानं म्हणजे आयाळ, बरं का.

राणीनं पदर खोचला. मांस पाट्यावर गंधासारखं वाटलं, खोबरं लावलं, मिरची लावली. गोळे शिजले, पण असे टणक, की दासी म्हणाली, "राणीसाहेब, हे तोफेत घाला." सुनेनं नुसता वास घेतला, आणि पदर आणखी ताणला गेला.

मग सुनेनं वरूनच बोटांनी खूण केली, वाटायचं नाही, सुरीनं बारीक चिरायचं. राणीनं चिरलं. आलं घातलं, पातीचा कांदा घातला, सुनेनं माहेरून आणलेल्या बरणीतला सोयाचा काळा रस घातला. एकाच दिशेनं फेटलं, या तळव्यावरून त्या तळव्यावर थापटलं. गोळे तळले, पानांत ठेवले, वर झाकण. पण राणीला धीर कुठला? झाकण काढायची, पळी घालायची, ढवळायची. गोळे फुटले आणि सगळ्याचं पिठलं झालं. इकडं पदराला चीर गेली.

मग तिसऱ्यांदा सगळं केलं. झाकण ठेवलं. राणीचा हात पुन्हा झाकणाकडे गेला, तोच वरून आवाज आला.

"नको."

राणीनं हात मागे घेतला. पण रिकामा हात ठेवणार कुठं? तिनं तो वर केला आणि सुनेचा हात धरला.

मग आत गोळे रटरटत राहिले आणि बाहेर या दोघी. राणी आपल्या माहेरच्या नदीचं सांगायला लागली, नवी नवरी असताना आपण कशा रडायचो ते सांगायला लागली. सूनही आपल्या बोलीत सांगत सुटली. एकीचं दुसरीला अक्षर कळत नव्हतं. तरी दोघी मान हलवत होत्या, मध्येच डोळे पुसत होत्या.

खूप वेळानं राणीच्या ध्यानात आलं, वर धरलेला हात दुखत कसा नाही? बघते तर हात तिच्या मांडीवर. त्यात सुनेचा हात. आणि सून शेजारी पाटावर, पाय जमिनीवर टेकून बसलेली.

आणि झाकण तर अजून उघडलंच नव्हतं.

मग उघडलं. गोळे लोण्यासारखे मऊ झाले होते. दोघींनी एकेक खाल्ला, वर भात खाल्ला. पुढं मुलगा परत आला, आणि सगळी आनंदात राहिली. आता चूल विझली, राणी निजली, सून निजली, तुम्हीही डोळे मिटा. पांघरूण घे नीट, आणि उद्या सकाळी उठलात की आपण... थांबा, आजोबांनी हाक मारली. आले हो, आले! तुमची गोळी तिथंच, उशीच्या खाली आहे!