तिन्हीसांजेची रिकामी वाटी

एकदा एक वृद्ध वैद्य आमच्या विणकरांच्या आळीत मुक्कामाला आले आणि आळीचेच होऊन गेले. तेव्हा दारं दिवसभर सताड उघडी असत. एका घरचं विरजण साऱ्या आळीत फिरे. आपण नेमकं कुणाच्या घरचं दही खातोय, हे कुणालाच सांगता येत नसे. त्यातही कवडीदार दही शेवंताबाईंचंच.

मग मेथ आलं. काचेच्या खड्यांसारखी दिसणारी ती नशा. रात्रपाळीत डोळा लागू नये म्हणून मागावरच्या पोरांनी ती प्रथम घेतली. पुढे झोप गेली, भूक गेली, मागही गेले. अंगणातली तांब्याची घागर नाहीशी झाली आणि भरदुपारी दारांना कड्या लागल्या. शेवंताबाईंचा नितेश, एकटा चार माग सांभाळणारा तरणाताठा गडी, वाळून काटकी झाला. भिंतीत माणसं बोलतात म्हणून भिंती ठोकू लागला. बाईंनी दार लावलं ते लावलंच. आम्हीही तिथं विरजण मागणं सोडलं. खोटं कशाला सांगू, खिडकीतून पाहत मात्र होतो.

वैद्यांचा शिष्य व्यसनमुक्ती केंद्राचा पत्ता घेऊन दोनदा गेला. "आमच्याकडे कुणी आजारी नाही," एवढं ऐकून दोन्ही वेळा परतला.

एके दिवशी दिवेलागणीला वैद्य रिकामी वाटी घेऊन निघाले. शिष्य मागोमाग धावला. "गुरुजी, घरात दही आहे की! आणि तिन्हीसांजेला विरजण कोण देतं?"

वैद्यांनी कडी वाजवली. "शेवंता, थोडं विरजण दे गं."

दार बोटभर किलकिलं झालं. "वैद्यबुवा, म्हातारपणी रीतभात विसरलात? दिवा लागल्यावर दही उंबऱ्याबाहेर जात नाही. सकाळी या."

"येतो," म्हणून वैद्य समाधानानं वळले.

शिष्य वैतागला. "हात हलवत परत आलो आपण!"

वैद्य म्हणाले, "तू द्यायला गेलास. ज्याची मान खाली गेलीय, त्याला घेणं फार जड जातं रे. म्हणून मी मागायला गेलो. आणि वेळ मुद्दाम चुकवली. दिवसा गेलो असतो तर वाटी भरून दार पुन्हा लागलं असतं. आता तिनं आपल्या तोंडानं 'या' म्हटलंय. वर्षभरात कुणाला म्हटलं नव्हतं."

सकाळी दार उघडंच होतं. वर्षभर कुणी मागत नसतानाही बाई रोज दही लावत होत्या. त्यांनी वाटी भरली, पण हातातून सोडली नाही.

"वैद्यबुवा, चार रात्री झाल्या, पोरानं डोळा मिटला नाही. तुमच्या शिष्याकडे तो पत्ता... आहे का अजून?"

शिष्यानं खिशातला कागद पुढे केला.

नितेश दोनदा घसरला, तिसऱ्यांदा सावरला. आळी काही पूर्वीसारखी झाली नाही. विरजण मात्र पुन्हा फिरू लागलं.

शेजारचं दार बंद दिसलं, तर उपदेश घरी ठेवावा आणि रिकामी वाटी न्यावी.