हौसाची वाकडी वेणी आणि गेरूत माखलेली परी

डोंगराच्या पायथ्याशी एक इवलीशी द्राक्षबाग होती. बागेच्या कडेला एक इवलंसं खोपट होतं आणि त्या खोपटात हौसा नावाची मुलगी राहायची. तिची वेणी नेहमी वाकडी असायची. एक बट इकडे, एक बट तिकडे, आणि रिबीन कुठेतरी मध्येच! हसू नका हं. आधी असं नव्हतं. तिची माय वेणी घालायची तेव्हा ती कशी छान, सरळ, घट्ट असायची. पण द्राक्षं उतरवताना माय शिडीवरून पडली आणि तिचा उजवा हात अधू झाला. बोटं नीट मिटेनात की उघडेनात. घरात तिसरं कुणी नव्हतं. मग चूल हौसाची, पाणी हौसाचं आणि वेणीही हौसाचीच.

चैत्र आला. चैत्रात द्राक्षाच्या वेलींच्या जुन्या काड्या छाटतात, म्हणजे नवी पालवी फुटते. छाटणी झाली की बाग अगदी उघडीबोडकी दिसते. माय शेजारी उभी राहून दाखवायची, "हितं काप, पोरी. डोळा राखून." काडीवर जिथून कोंब फुटतो ना, त्या गाठीला डोळा म्हणतात. हौसा कात्रीनं काडी कापायची आणि कापल्या जागी गेरूचा लेप लावायची, आपण जखमेला हळद लावतो तसा.

एका सकाळी तिनं गेरूचा कुंचला फिरवला आणि काडीवरून बारीकसा आवाज आला, "अगं अगं अगं! नाकात गेलं माझ्या!"

हौसा दचकली. लेपात एक परी चिकटली होती. द्राक्षाच्या मण्याएवढी, आणि डोक्यापासून पायापर्यंत लालेलाल! हौसानं क्षणभरही विचार केला नाही. स्वतःच्या पिण्याच्या पाण्याचा तांब्या तिनं हळूहळू परीवर ओतला. गेरू वाहून गेला आणि आतून कोवळ्या पानांचे पोपटी पंख निघाले, कडेला गुलाबी झालर लावलेले. उन्हात ते लुकलुक लुकलुक करायला लागले.

"चुकलं माझं, परीताई. दिसला न्हाई तुमी."

"चूक माझीच. कापलेल्या काडीवर डुलकी काढू नये," परी पंख झटकत म्हणाली. "पण विहीर तळाला गेलेली, वर एवढं ऊन, आणि तू प्यायचं पाणी माझ्यावर ओतलंस. तुला मी दोन मागणी देते. एक आत्ता माग. दुसरं, वेलीला पहिली बाळी येईल त्या दिवशी."

बाळी म्हणजे वेलीचा कुरळा हिरवा तंतू. त्याच्या आधारानं वेल मांडवाला धरून राहते.

"पण नियम ऐक," परी म्हणाली. "पहिल्या मागण्यातून जे मिळेल, त्यातलं काहीही कुणी तोडलं, तर दुसरं मागणं विरून जाईल."

पाणी कमी, तेव्हा डोळे फुटतात की नाही, याचा मायला घोर लागला होता. हौसा लगेच म्हणाली, "बागेतला एकूण एक डोळा फुटू दे!"

"एकूण एक?" परीनं चिमुकल्या भुवया उंचावल्या.

"एकूण एक!"

आणि दुसरं मागणं? तेही हौसानं ठरवून टाकलं होतं. मायचा हात!

दुसऱ्या दिवशी उठून बघते तर काय! बाग हिरवीगार. एकूण एक डोळा फुटला होता. पोपटी कोंब, गुलाबी शेंडे, त्यावर दवाचे थेंब. माय तर डाव्या हातानं वेलींना कुरवाळतच सुटली. हौसा रोज बाळी शोधायची.

पण थोड्याच दिवसांत पानं मलूल झाली. कोंबांची नुसती दाटी झाली होती. माय म्हणाली, "फुटवे लई झाले, हौसे. एवढी लेकरं एका वेलीला पोसवत न्हाईत. जास्तीचे आजच खुडून टाक."

"बाळी आल्यावर खुडू की, माय!"

"बाळीला आठवडा हाये. तवर वेल दमून जाईल. आन् आत ऊन गेलं न्हाई, तर काडीच्या पोटात पुढला घड धरायचा कसा?"

हौसाला परीचा नियम आठवला. एक जरी फुटवा मोडला, तरी मायचा हात कायमचा तसाच! तिनं हळूच विचारलं, "माय, तुला हात बरा व्हायला हवा, का वेली जगायला?"

माय हसली. "येडी का खुळी? त्याच हातानं लावल्यात मी त्या. त्या वाळल्या तर हात घेऊन काय करू?"

हौसानं डोळे पुसले. ती मांडवाखाली गेली आणि पहिला जास्तीचा फुटवा खुडला. तिला फार फार वाईट वाटलं. मग दुसरा, मग तिसरा. माय शेजारी उभी राहून खुडलेले कोंब पदरात घेत होती. जिथं कोंब खुडला जाई, तिथं वेलीच्या पाण्याचा एक थेंब जमे आणि टपकन मायच्या अधू हातावर पडे.

शेवटचा फुटवा खुडला, ऊन मांडवातून आत उतरलं, आणि त्या उन्हात परी उभी होती.

"माझं मागणं विरलं ना, परीताई?" हौसानं विचारलं.

"हो गं, विरलं," परी हळुवारपणे म्हणाली. "मागितलेलं नियमानंच मिळतं. पण न मागता द्यायला कुठला नियम नाही. ते मी माझ्या मनानं देते."

तिचे पंख सोनेरी झाले, मग पांढरेशुभ्र झाले, आणि बघता बघता परी त्या उजेडात मिसळून गेली. हौसा डोळे चोळत राहिली.

तेवढ्यात तिच्या केसांना मागून कुणीतरी हात घातला. वाकडी वेणी सुटली. तीन पेड पडले. दोन्ही हातांनी, दाही बोटांनी, भराभर वेणी गुंफली जाऊ लागली.

"आई गं! माय, दुखतंय!"

"दुखू दे," माय म्हणाली. ती हसत होती आणि रडतही होती. "घट्टच हवी वेणी."

त्या वर्षी बागेत मधासारखी गोड द्राक्षं लागली. आणि पुढच्या चैत्रात गेरू लावायची वेळ आली, तेव्हा सरळ, घट्ट वेणीची एक मुलगी प्रत्येक काडीजवळ वाकून आधी विचारत होती, "कुणी निजलंय का इथं?"