अळीने खाल्लेलं पान

या रानात माणसाचं पाऊल पडायच्या आधीची गोष्ट. ओढ्याकाठच्या वाळूत साळिंदरबाईंची शाळा भरायची. विषय एकच, पावलांचे ठसे ओळखायचे. जो चुकेल तो कोल्ह्याच्या पोटात.

भिरकू सशाला वाळूत ठसे दिसतच नसत, नुसती खिचडी दिसे. बाई म्हणत, "नीट बघ." आता नीट म्हणजे कसं, ते बाईंनाही सांगता आलं नसतं. भिरकू बिचारा आणखी डोळे फाडून बघे आणि खिचडी आणखी वाढे.

एकदा बाईंचे काटे रागाने उभे राहिले, तेवढ्यात त्यांना पळसाचं पान कुरतडणारी अळी दिसली. पानाला मधोमध भोक पडलं होतं. बाईंनी अळीसकट ते पान भिरकूच्या पंजात दिलं. भोकातून बघितलं तर एकच ठसा दिसत होता.

"मोर," भिरकू म्हणाला. त्याने पान सरकवलं. "आणि हा कोल्हा."

"माझं जेवण आहे ते," अळी कुरकुरली.

"खा की," बाई म्हणाल्या, "पण भोकाच्या कडेने, आणि रोज घासभरच."

भोक रोज थोडं थोडं वाढत गेलं. एका सकाळी भिरकूने सगळी वाळू घडाघडा वाचून दाखवली.

"बाई, हे पान नसतं तर मला जमलंच नसतं."

त्याच्या पंजात नुसता देठ होता.

"कुठलं पान?" देठावरच्या गलेलठ्ठ अळीने ढेकर देत विचारलं.